हिरव्या कपड्यांतला हसरा वीर

आमच्या चौथीच्या वर्गात एक निन्जा बसतो, असं सांगितलं तर तुम्हाला खरं वाटेल का? तिसरी रांग, खिडकीजवळची जागा. त्याच्या सगळ्या वह्यांना खाकी कव्हर आहे आणि प्रत्येक कव्हरवर त्याने स्वतःच्या हाताने एकच चित्र काढलंय. हिरवे कपडे, डोक्यावर वाटी पालथी घालून कापल्यासारखे काळेभोर केस, आणि भुवया? बाप रे! दोन जाडजूड सुरवंटच जणू डोळ्यांवर येऊन बसलेत.

"हा कोण रे?" मी एकदा विचारलं.

"बाई, हा रॉक ली. ह्याला निन्जाची जादू अजिबात येत नाही. तरी तो निन्जा आहे."

मला हसू आलं, पण तो अगदी गंभीर होता. ह्या मुलाला वाचन जड जातं. साधे शब्द तो भराभर वाचतो, पण जोडाक्षर आलं की गाडी अडते. वहीवरचं ते चित्र आणि वाचताना अडणारी ती गाडी यांचा काही संबंध असेल, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग एका सोमवारी गंमत झाली. गंमत कसली, चूकच झाली म्हणा ना! रविवारी दोन-तीन मुलांनी कुणाच्या तरी दादाच्या मोबाईलवर एक वेगळाच रॉक ली पाहिला होता. भोपळ्याएवढं डोकं, इवलेसे हातपाय, सारखा धडपडणारा, ओरडणारा. मधल्या सुट्टीत त्याच्या नकला सुरू झाल्या. नंतर वाचनाच्या तासाला आमचा हा मित्र 'प्रयत्न' या शब्दावर अडला, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "आला रे आला, रॉक ली आला!" सगळा वर्ग खो खो हसला. आणि खरं सांगते, क्षणभर माझ्याही ओठांवर हसू आलं. त्याने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वहीवरचा रॉक ली काळ्या पेनाने खोडलेला होता.

अशा वेळी मोठी माणसं पटकन म्हणतात, "ती कार्टूनं बघत जाऊ नका." मीही तेच म्हणणार होते. पण न बघताच कसं म्हणायचं? म्हणून मी ठरवलं, हा रॉक ली आहे तरी कोण आणि त्याची कुणी एवढी थट्टा केली, ते आधी पाहायचं. जे सापडलं ते तुम्हाला सांगते.

ज्याला जादू येत नाही, असा निन्जा

जपानमध्ये चित्रकथेला म्हणतात 'मंगा' आणि कार्टूनपटाला 'अ‍ॅनिमे'. मंगाचं पुस्तक आपल्या पुस्तकाच्या उलट दिशेने, उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं बरं का! मासाशी किशिमोतो नावाच्या चित्रकाराने १९९९ साली 'नारुतो' नावाची मंगा एका साप्ताहिकात सुरू केली. ती २०१४ पर्यंत, म्हणजे तब्बल पंधरा वर्षं चालली. प्रकरणं झाली ७००! तिच्यावरून २००२ पासून अ‍ॅनिमे मालिका आली. आपल्याकडे २०२२ साली ती सोनी याय वाहिनीवर हिंदीतून दाखवली गेली, म्हणून तुमच्यापैकी पुष्कळांना ती ठाऊक असेल.

ही गोष्ट घडते कोनोहा नावाच्या काल्पनिक गावात. तिथली मुलं निन्जांच्या शाळेत शिकतात. निन्जाकडे तीन प्रकारच्या विद्या असाव्या लागतात. पहिली निन्जुत्सु. हिच्या जोरावर तोंडातून आग काढता येते, स्वतःसारखे दहा जण उभे करता येतात. दुसरी गेन्जुत्सु. म्हणजे समोरच्याला भास निर्माण करून फसवायचं. आणि तिसरी ताइजुत्सु. ही अगदी साधी. स्वतःचे हात, स्वतःचे पाय, स्वतःची ताकद!

रॉक लीच्या बाबतीत पंचाईत अशी की, पहिल्या दोन विद्या त्याला येतच नाहीत. थोड्याशासुद्धा नाहीत. जसं एखाद्याने गायक व्हायचं ठरवावं आणि त्याला सूरच लागू नये! शाळेतली मुलं त्याला हसतात. त्याच्याच गटातला नेजी हा जन्मजात हुशार. तो तर त्याला स्पष्टच सांगतो की, नशिबात नसेल ते मेहनतीने मिळत नाही.

पण लीला (म्हणजे रॉक लीला हं, रामलीलेतली लीला नव्हे!) एक गुरू भेटतात. त्यांचं नाव माइट गाय. तेच हिरवे कपडे, तीच केसांची वाटी, त्याच भुवया. खरं म्हणजे शिष्यानेच गुरूंची हुबेहूब नक्कल केलेली असते. गाय सर त्याला सांगतात की मेहनत कर, पण आधी स्वतःवर विश्वास ठेव; तो नसेल तर नुसत्या मेहनतीलाही अर्थ नाही. मग सुरू होते तयारी. लीचा नियम ठरलेला. ठरवलेला व्यायाम आज जमला नाही, तर शिक्षा म्हणून त्याहून अवघड व्यायाम करायचा!

'ली' हे नाव ऐकून घरातल्या मोठ्यांना आणखी एक वीर आठवेल. कुंगफूच्या सिनेमांचा बादशहा ब्रूस ली. त्याच्याच नावावरून आणि रूपावरून हे पात्र घडलंय.

आधी हसू, मग शांतता

आता मला जे सापडलं त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऐका. मूळ मालिकेतसुद्धा रॉक ली पहिल्यांदा दिसतो, तेव्हा आपण हसतोच! त्याचं ध्यानच तसं आहे. गुरू-शिष्य एकमेकांना मिठी मारून ढसाढसा रडतात आणि पुढच्या क्षणी धावायला सुटतात, हे पाहून हसू आवरत नाही. किशिमोतोंनी हे मुद्दामच केलेलं असणार. कारण थोड्याच वेळात ते आपलं हसू असं काही थांबवतात की बस!

निन्जांच्या मोठ्या परीक्षेत लीची गाठ पडते वाळूच्या गावातून आलेल्या गाराशी. हा गारा भयंकर. त्याच्याभोवती वाळूचं एक कवच असतं. कुणी वार केला की ही वाळू आपोआप आडवी येते. तोपर्यंत त्याच्या अंगाला साधा ओरखडासुद्धा कुणी काढलेला नसतो. ली ठोसे मारतोय, लाथा मारतोय, आणि प्रत्येक वेळी मध्ये वाळू!

तेव्हा वर कठड्यापाशी उभे असलेले गाय सर ओरडून परवानगी देतात. ली खाली बसतो आणि पायांवरच्या पट्ट्यांखालून दोन वजनं काढतो. ती तो हातातून सोडून देतो आणि धडाम्! जमीन फुटते, धुळीचे लोट उठतात. म्हणजे इतके दिवस हा मुलगा एवढी वजनं पायांना बांधून धावत होता! आता तो इतका वेगाने पळतो की वाळूलाही त्याला गाठता येत नाही. ज्याला जादू येत नाही त्याचा ठोसा गाराच्या गालावर बसतो.

वाटतं ना, आता ली जिंकणार? नाही जिंकत. तो आपल्या शरीराची सगळी शक्ती पणाला लावतो, स्नायू फाटेपर्यंत लढतो. आणि शेवटी गाराची वाळू त्याचा डावा हात आणि डावा पाय चिरडून टाकते. सामना संपतो. तरीही ली उठून उभा राहतो. गाय सर धावत जाऊन पाहतात, तर तो शुद्धीवरच नसतो. मन केव्हाच हरपलंय, पण शरीराला उभं राहायची सवय झालीय! सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागतं. या वेळी मात्र कुणी हसत नाही.

पुढे कळतं की त्याला पुन्हा निन्जा व्हायचं असेल, तर शस्त्रक्रिया करावी लागेल आणि ती यशस्वी व्हायची शक्यता निम्मीच. ती बिघडली तर जीवही जाईल. ली घाबरतो. हो, वीरही घाबरतात. शेवटी तो तयार होतो आणि बरा होतो.

आता कळलं ना, आमच्या मित्राच्या वहीवर तोच का होता?

डोकं मोठं, पाय छोटे

मग तो भोपळ्याएवढ्या डोक्याचा ली कुठून आला? त्याचीही गोष्ट आहे.

केन्जी ताइरा या दुसऱ्या चित्रकाराने २०१० च्या डिसेंबरात एक विनोदी मंगा सुरू केली. तिच्या लांबलचक जपानी नावाचा अर्थ साधारण असा : 'रॉक लीच्या तारुण्याची पूर्ण ताकदीची निन्जाकथा'. जपानीत तारुण्याला म्हणतात 'सेइशुन'. हा शब्द लिहिताना 'हिरवा-निळा' आणि 'वसंत' अशी दोन अक्षरं काढतात. गाय सर मूळ मालिकेत उठता-बसता या तारुण्याचा जयघोष करत असतात. तोच ताइरांनी नावात घेतला. तिच्यावरून ३ एप्रिल २०१२ ते २६ मार्च २०१३ या काळात ५१ भागांची अ‍ॅनिमे मालिका झाली.

आणि गंमत ऐका. ही थट्टेची मालिका कुणी परक्याने काढलेली नाही. मूळ मालिका काढणारा स्टुडिओ पिएरोच तिचा कर्ता. मूळ मालिका दाखवणारी तोक्यो वाहिनीच ती दाखवणार. मूळ मालिकेत लीचा आवाज देणारे योइची मासुकावाच इथेही त्याचा आवाज देणार! त्या वेळी मूळ मालिका चालूच होती. म्हणजे एकाच वर्षात एकच आवाज तिकडे रणांगणावर गर्जत होता आणि इकडे हसवत होता.

इथे सगळीच उलटापालट आहे. ज्या नारुतोच्या नावाने मूळ कथा, तो इथे बाजूला आणि ली मध्यभागी. ज्याला पाहून सारे चळाचळा कापतात, तो दुष्ट ओरोचिमारू इथे हास्यास्पद झालाय. नेजीचा ताठा इथे विनोदाचा विषय होतो. गटातली तेनतेन ही एकटीच शहाणी. बाकीचे वेडेपणा करतात आणि ती वैतागून "अरे, हे काय चाललंय?" असं विचारत राहते. कधीकधी ही पात्रं आपण कार्टूनमध्ये आहोत हे ओळखून थेट प्रेक्षकांशीच बोलतात.

वेडेपणा करणारा आणि त्याला टोकणारा ही जोडी जपानमध्ये फार जुनी. तिथे 'मान्झाई' नावाचा विनोदी संवादांचा प्रकार आहे. त्यात दोघे जण असतात. वेंधळ्याला म्हणतात 'बोके' आणि त्याला भानावर आणणाऱ्याला 'त्सुक्कोमी'. (बोके म्हणजे आपले मांजरांतले बोके नव्हेत हं!) ली झाला बोके आणि तेनतेन झाली त्सुक्कोमी, की विनोद तयार!

चित्रांची रीतही वेगळी. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असते. चित्रातल्या वीरांना तर आठ पटही दाखवतात. या विनोदी मालिकेत मात्र उंची फक्त दोन-तीन डोक्यांएवढी! अशा चित्रांना 'एसडी' म्हणतात, म्हणजे फारच बेढब केलेली. 'चिबी', म्हणजे बुटबैंगण, असंही एक लाडकं नाव आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं. म्हणून मोठ्या डोक्याचं चित्र पाहिलं की आपल्याला बाळ आठवतं, आणि कितीही शूर वीर असला तरी त्याची भीती न वाटता माया वाटते. असं दोन डोक्यांएवढं ध्यान आवेशाने आरोळी ठोकू लागलं, की हसू येणारच!

थट्टा कुणाची करतात?

एखाद्या गाजलेल्या गोष्टीची नक्कल करून, तिलाच थोडं वाकडं करून हसवायचं, याला मराठीत सुंदर शब्द आहे : विडंबन. तुमच्यापैकी अनेकांच्या आई-बाबांनी शाळेत 'आजीचे घड्याळ' ही कविता म्हटली असेल. ती लिहिणारे केशवकुमार म्हणजेच आचार्य अत्रे. त्याच अत्र्यांनी 'झेंडूची फुले' या पुस्तकात त्या काळच्या नामवंत कवींच्या कवितांची विडंबनं केली. ते पुस्तक आलं १९२५ साली. मूळ कविता ज्यांना पाठ होत्या तेच त्या पुस्तकाला जास्त हसले. कारण विडंबनाची पहिली अट हीच. मूळ गोष्ट सगळ्यांना माहीत हवी. ज्याला कुणी ओळखत नाही त्याचं विडंबन करून कोण हसणार?

लढणाऱ्या वीराला हसवायला लावणंही नवीन नाही. ज्याच्यावरून रॉक ली घडला त्या ब्रूस लीचं १९७३ मध्ये निधन झालं, तेव्हा अनेक जण त्याच्यासारखं दिसायची धडपड करू लागले. त्या गर्दीत जॅकी चॅनने वेगळी वाट धरली. १९७८ सालच्या सिनेमांमधून त्याने हसवणारा कुंगफू आणला. ब्रूस लीचा ठोसा बसला की शत्रू आडवा. जॅकीचा ठोसा बसला की आधी जॅकीच 'आई गं' करत हात झटकतो! तरी जॅकी कमी शूर वाटतो का? उलट तो आपल्यातलाच वाटतो.

मग प्रश्न उरतो तो आमच्या वर्गातला. वीराची थट्टा चालते, तर सोमवारी वर्गात जे झालं त्यात चुकलं काय?

फळ्यावरचे दोन रकाने

ज्यांनी नकला केल्या होत्या, त्यांना मी दुसऱ्या दिवशी रागावले नाही. मी स्वतःच हसले होते, तर रागावणार कोणत्या तोंडाने? फळ्यावर मी दोन रकाने आखले. एकाच्या डोक्यावर लिहिलं, 'तो काय करतो, त्याला हसलो.' दुसऱ्याच्या डोक्यावर लिहिलं, 'त्याला काय येत नाही, त्याला हसलो.' मग विचारलं, "त्या विनोदी रॉक लीला तुम्ही नेमके कुठे कुठे हसलात? सांगा बरं."

मुलं उत्साहाने सांगू लागली.

"बाई, तो प्रत्येक गोष्टीत उगाचच जोर लावतो!" पहिल्या रकान्यात लिहिलं.

"तो आणि त्याचे सर सारखे रडतात, बाई!" पहिल्यातच.

"तो जोरात ओरडतो आणि मग पडतो!" हेही पहिल्यात.

"त्याला जादू येत नाही म्हणून..." एक मुलगी म्हणाली आणि थबकली. "पण बाई, त्याला नाही हसत आम्ही. जादू येत नाही तरी तो एवढ्या ऐटीत असतो ना, त्याचं हसू येतं."

बघा हं मुलांनो, किती नेमकं बोलली! विनोदी मालिकेच्या अगदी पहिल्या भागातच लीची ओळख 'निन्जुत्सु न येणारा निन्जा' अशी करून दिलीय. ते काही लपवलेलं नाही. पण हसायला येतं ते त्याच्या उत्साहाला. साध्याशा कामातही तो असा जीव ओततो की, काम राहतं बाजूला आणि उडतो गोंधळ. उतू जाणाऱ्या दुधासारखा त्याचा उत्साह! आणि पडला तरी तो पुढच्या प्रसंगात पुन्हा तेवढ्याच जोमाने हजर. विडंबन करणाऱ्यांनी त्याचे पाय छोटे केले, डोकं मोठं केलं. पण त्याची जिद्द काही त्याच्याकडून काढून घेतली नाही. म्हणून ती थट्टा गोड लागते.

मग मी विचारलं, "आणि सोमवारी आपण वाचनाच्या तासाला हसलो, ते कोणत्या रकान्यात लिहू?"

वर्ग एकदम गप्प झाला. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग एका मुलाने, ज्याने 'आला रॉक ली' म्हणून आरोळी ठोकली होती त्यानेच, उठून खडू घेतला आणि दुसऱ्या रकान्यात एक रेघ ओढली. मी त्याच्या हातातून खडू घेतला आणि त्याच्या रेघेशेजारी आणखी एक रेघ ओढली. ती माझी.

आणखी एक गोष्ट मी मुलांना सांगितली, तीही तुम्हाला सांगते. विनोदी मालिकेतला ली कितीही आपटला तरी त्याला लागत नाही. पुढच्या प्रसंगात तो ठणठणीत असतो. मूळ मालिकेतला ली मात्र दवाखान्यात पडून राहतो, कुबडीवर चालतो, एकटा असताना रडतो. आपल्या वर्गातली मुलं यांतल्या कोणत्या लीसारखी असतात? चित्रातल्या माणसाला नकलेने काही होत नाही, पण बाकावरच्या माणसाला होतं. हा फरक विसरलो की विनोदाचा दगड होतो.

आमचा मित्र त्या तासाला काहीच बोलला नाही. बोलायला हवं असंही नव्हतं.

हसण्याचा पहिला मान

पुढच्या आठवड्यात त्याने वही तपासायला दिली. खोडलेल्या चित्राच्या शेजारी एक नवीन रॉक ली उगवला होता. दोन डोक्यांएवढा! भोपळ्यासारखं डोकं, इवलेसे पाय, आणि त्या इवल्याशा पायांना बांधलेली ही मोठ्ठाली वजनं. एका वजनावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'त्न'. दुसऱ्यावर 'र्व'.

मी हसले. या वेळी त्याने पाहिलं आणि तोही हसला.

जोडाक्षरं त्याला अजून पूर्ण जमत नाहीत, हेही सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईंनी गोष्टीचा शेवट साखरेत घोळला! परवाच 'आश्चर्यचकित' या शब्दापाशी त्याची गाडी पुन्हा अडली. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्याने स्वतःच भुवया उंचावून, छाती फुगवून, रॉक लीसारखी आरोळी ठोकली आणि चौथ्यांदा शब्दावर धाव घेतली. सगळा वर्ग हसला, पण आधी तो हसला आणि मग आम्ही.

आमच्या वर्गात आता हा नियमच झालाय. ज्याची गंमत, हसण्याचा पहिला मान त्याचा. तुमच्या वर्गात कुणाची गंमत झाली, तर आधी कोण हसतं?

काढून पाहा : तुमचा चिबी वीर

तुमच्या आवडीचा कोणताही वीर घ्या. कागदावर वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ ओढा आणि तिचे तीन सारखे भाग करा. सगळ्यात वरच्या भागात त्याचं डोकं काढा, उरलेल्या दोन भागांत धड आणि पाय. मान जवळजवळ काढूच नका. बोटंही सगळी दाखवायची गरज नाही. डोळे मोठे आणि थोडे खाली काढा, म्हणजे कपाळ मोठं दिसेल. आता त्याची ओळख पटवणारी एकच वस्तू मोठी करा. ढाल, पगडी, भुवया, काहीही! ती पाहून तुमच्या मित्राने न सांगता वीर ओळखला, तर जमलं म्हणायचं.

पालकांसाठी दोन शब्द

'नारुतो'ची मूळ मालिका थोड्या मोठ्या मुलांसाठी आहे. तिच्यात मारामाऱ्या, रक्त आणि मृत्यूही आहेत. लहान मुलं पाहणार असतील तर शेजारी बसून पाहावी. विनोदी मालिका वरवर लहान मुलांची वाटते, पण मूळ कथा ठाऊक नसेल तर तिच्यातला अर्धाअधिक विनोद कळत नाही. मग मुलं फक्त धडपडणं आणि ओरडणं तेवढं उचलतात. त्यामुळे मूल हसताना दिसलं की एकच प्रश्न सहज विचारून पाहा, "तू नेमका कशाला हसलास रे?" किंवा "कशाला हसलीस गं?" उत्तर ऐकताना रागावू नका. आणि पुढच्या वेळी आपण कुणाला हसलो, तेव्हा हाच प्रश्न मुलाने आपल्याला विचारला, तर त्याचंही खरं उत्तर द्या.